दोरीखालचा रुमाल

मी पदवीधर झालो तो खोत सरांमुळे. तालुक्याच्या गावी ते माझे शिक्षक होते. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. कॉलेजच्या वर्षांत सरांनी मला स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. का, असं एकदा विचारलं तर म्हणाले, "एकट्याला जेवण जात नाही रे मला." मी ते खरं मानलं. पुढे मढच्या कोळीवाड्यातल्या एका प्रकरणाने त्या उत्तराकडे पुन्हा बघायला लावलं, म्हणून ते प्रकरण अजून तपशिलासह लक्षात आहे.

मी तेव्हा पश्चिम उपनगरातल्या एका ठाण्यात निरीक्षक होतो. सकाळची हजेरी चालू असताना नियंत्रण कक्षाचा निरोप आला. एका बाईने फोन केला होता: समुद्रात जाळं बांधायला रोवलेल्या खुंटाला प्रेत बांधलंय, ओहोटी जोर धरायच्या आत या. नाव न सांगता तिने फोन ठेवला.

प्रेत शूटिंगच्या बंगल्यावर रंगकाम करणाऱ्या कामगाराचं निघालं. त्याची बायको मिसिंगची तक्रार देऊन रोज ठाण्यात येत होती. दोरीचं एक टोक मनगटाला, दुसरं खुंटाला. हवालदार म्हणाले, "साहेब, बांधून बुडवलाय. सरळ तीनशे दोन."

कोळीवाड्यात कोणता खुंट कुणाचा, हे सगळ्यांना ठाऊक असतं. दुपारी त्या खुंटाचा मालक माझ्यासमोर बसला होता.

"मना काय म्हायत नाय, साहेब."

"खुंट तुझा, दोरी तुझ्या होडीची. खुनात जन्म आत जाईल."

मग तो म्हणाला, "मीच बांधला. मेलेलाच गावला. सोडला असता तर परत माझ्याच जाळ्यात आला असता, म्हणून बांधला."

चौकशीत माणूस स्वतःला आहे त्याहून चांगला दाखवतो, हा माझा अनुभव. हा उलट करत होता. मी पंचनाम्याचे फोटो पुन्हा बाहेर काढले. गाठीखाली, मनगटाभोवती, चौकड्यांचा रुमाल नीट गुंडाळलेला होता. आम्ही सगळे दोरीकडेच बघत राहिलो होतो. दोरीने कातडी सोलू नये म्हणून खाली रुमाल लावणारा खुनी माझ्या पाहण्यात नव्हता.

"जाळ्यासाठी बांधलास, तर रुमाल कशाला?"

दाराशी डबा घेऊन उभी असलेली कोळ्याची बायको आत आली. "फोन मी केला, साहेब. हा सांगणार नाय. बाजारात पापलेटच्या भावावरून गाव डोक्यावर घेतो, नि हितं चोरासारखा बसलाय."

तेव्हा तो बोलला. "त्या मेलेल्याची बाई बंदरावर होडी होडीला विचारत फिरत होती. तिला काय सांगू, गावला नि सोडून दिला?"

"मग किनाऱ्यावर का नाही आणलास?"

"मागं भावानं असाच एक मेलेला आणलेला. हंगामभर तुमच्याकडं चकरा मारल्या त्यानं. होडी सुकली."

वैद्यकीय अहवाल आला: मृत्यू बुडून, दोरी मृत्यूनंतरची. बंगल्यावरच्या एका सोबत्याने त्याला खडकावरून घसरताना पाहिलं होतं, पण काम जाईल या भीतीने तो गप्प राहिला होता. अकस्मात मृत्यूची नोंद झाली. प्रेत पत्नीच्या ताब्यात दिलं.

कोळ्याला मी बजावलं, पुढच्या वेळी लपवायचं नाही, घेऊन यायचं. तो म्हणाला, "आणीन. होडी अडकवू नका." त्यानंतर मी ठाण्यातल्या माणसांना प्रेत आणणाऱ्या मच्छीमाराचा जबाब बंदरावर जाऊन, भरतीची वेळ सांभाळून घ्यायला लावला. माझ्या अधिकारात तेवढंच होतं.

नोकरीभर मी लोकांनी लपवलेला स्वार्थ शोधत आलो. चांगुलपणाही लोक लपवतात, आणि तोही तपासातच बाहेर काढावा लागतो, हे इथे कळलं. होडीसाठी तो कोळी अर्ध्यावर थांबला होता आणि त्या बाईसाठी स्वतःचा रुमाल तिथे ठेवून आला होता. माणूस मुळात कसा, याचा निकाल मला देता येत नाही. त्या घडीला त्याच्या हातात काय होतं आणि त्याने त्याचं काय केलं, एवढं मात्र विचारता येतं.

त्याच आठवड्यात मी सरांना पत्र टाकलं:

"तीर्थस्वरूप सरांस साष्टांग नमस्कार. एक जबाब मी न तपासता खरा मानला होता. एकट्याला जेवण जात नाही, असं तुम्ही म्हणाला होतात. मी यायच्या आधी कितीतरी वर्षं तुम्ही एकटेच जेवत होता, आणि मी गेल्यावरही जेवता. जबाब टिकत नाही. रविवारी येतो आहे. दोन ताटं मांडा."