बाळाच्या उपकारस्तुतीला वाचलेलं पान

आमच्या मंडळीत माझ्या वाचनाचा दरारा होता, हे आधीच कबूल करून टाकतो. दरारा हा शब्द बायकोचा. मी इतकी वर्षं त्याला आदर समजत होतो.

देवासला रविवारची उपासना हिंदीत होते. पण आम्ही दहा-बारा मराठी ख्रिस्ती घरं आहोत, आणि दर बुधवारी संध्याकाळी कुणाच्या तरी घरी जमून मराठीत प्रार्थना सभा घेतो. गीतं, पवित्र शास्त्राचं वाचन, प्रार्थना, मग पोहे आणि चहा. यातलं वाचन गेली तीस वर्षं माझ्याकडे होतं. सुरुवातीला पाळ्या असायच्या. पण दुसरं कुणी वाचायला लागलं की मी शेजारी बसून उच्चार सुधारायचो, ओळ संपेपर्यंतही दम धरायचो नाही. आमची पुढची पिढी हिंदी शाळांत शिकलेली. मराठी बोलते फर्मास, वाचताना मात्र अडखळते. मला ते सहन व्हायचं नाही. हळूहळू पाळ्या बंद पडल्या. मग मी घरी येऊन तक्रार करायचो की आजकाल कुणाला वाचनाची आवडच उरलेली नाही.

हा माज आला कुठून तेही सांगतो. माझे आजोबा नगरकडून धारला मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून आले. वडील धारलाच वाढले, आणि त्यांची मराठी अशी होती की जुन्या दरबारी घराण्यांतली माणसं मुद्दाम त्यांच्याकडून पत्रं लिहून घ्यायची. रोज सकाळी ते आम्हा भावंडांना ओळीनं बसवून एकेक उतारा वाचायला लावत. मी सगळ्यांत सरस वाचायचो आणि ते मला चांगलंच ठाऊक होतं.

पण वाचनानं मला खरोखर सावरलं ते गंधवानीत. गणिताचा शिक्षक म्हणून माझी पहिली नेमणूक तिथे झाली. तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो आणि नाकावर राग होता. आपल्याला इंदूर मिळायला हवं होतं, या डोंगरात येऊन आपलं आयुष्य फुकट गेलं, असं मला वाटे. भाड्याच्या एका खोलीत मी अक्षरशः रडलो आहे. वडिलांनी ट्रंकेत एक पुस्तिका टाकली होती, दररोजच्या मननाची. तारखेला एक पान, पानावर एक शास्त्रभाग आणि त्यावर चार विचार. पहिले काही दिवस मी ती उघडलीही नाही. मग एका सकाळी करायला दुसरं काही नव्हतं म्हणून त्या दिवसाचं पान वाचलं. दुसऱ्या दिवशी दुसरं. पानावर काही जादू नव्हती. पण रोज सकाळी कुणीतरी मला विचारत होतं की आज तू काय करणार आहेस, आणि मला उत्तर द्यावं लागत होतं. शाळेत माझ्यासमोर साठ मुलं बसायची, त्यातली निम्मी तीन-चार कोस चालून आलेली. महिना-दीड महिन्यानं माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की आपल्याला चुकून इथे टाकलेलं नाही, हा वर्ग हेच आपलं काम आहे. आठ वर्षं मी तिथे राहिलो. बदलीचा अर्ज एकदाही केला नाही. याचा मला आजही अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

नंतर सरकारनंच देवासला पाठवलं. लग्न, नोकरी, निवृत्ती सगळं इथे झालं. रोजचं पान सुटलं नाही. पण खोटं कशाला बोलू, निवृत्तीनंतर ते पान मला काही विचारेनासं झालं होतं. मी वाचायचो, माझा आवाज ऐकायचो आणि पुस्तिका मिटायचो. बुधवारची सभा तेवढी उरली होती. तिथे मी कुणीतरी होतो.

मागच्या वर्षी दोन गल्ल्या पलीकडच्या घरी नातू झाला. त्या घरात एक वयस्कर विधवा बाई, त्यांचा कंपनीत काम करणारा मुलगा आणि सतवासहून आलेली सून. बाई निरक्षर, स्वभावानं अगदी गरीब. तीस वर्षांत माझ्यासमोर त्या चार वाक्यं बोलल्या असतील तर शपथ. सुनेचे आधी दोनदा गर्भ टिकले नव्हते, त्यामुळे या बाळाच्या उपकारस्तुतीला, म्हणजे बाळासाठी देवाचे आभार मानायच्या सभेला, सगळी मंडळी आली होती. मला तेव्हा दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि मी तो कुणाला सांगितला नव्हता. माझ्या शास्त्रात रंगीत फिती होत्या, लग्नाला लाल, बाळाला पांढरी, दफनाला निळी. मी फीत धरून पुस्तक उघडलं आणि खणखणीत आवाजात वाचलं. अक्षरं धूसर होती, पण त्यांची गरजच नव्हती, पहिले दोन शब्द लागले की पुढचं सगळं तोंडपाठ होतं. वाचून झालं, सगळ्यांनी आमेन म्हटलं, पोहे आले. पोहे जरा गप्प गप्प खाल्ले गेले, एवढं मला जाणवलं.

परतताना स्कूटी बायको चालवत होती. चौकाशी तिनं गाडीचा वेग कमी केला. मग म्हणाली, "आज तुम्ही त्या बाळाला पुरून आलात."

मला काही समजेना. तिनं गाडी कडेला घेतली आणि सांगितलं. पांढरी समजून मी निळी फीत धरली होती आणि कबरीवर वाचतात तो भाग वाचला होता. माती, निरोप, पुन्हा भेटण्याची आशा, सगळं सुरुवातीपासून शेवटपर्यंत, दीड महिन्याच्या पोरासमोर.

मी गाडीवरून उतरलो. पण माणूस असा असतो की त्याही वेळी मी भांडलो. म्हणालो, "मला दिसत नाही. मोतीबिंदू आहे. आणि पंचवीस माणसं बसली होती, एकानं तरी थांबवायचं!"

"कोण थांबवणार? तुमच्यापुढे तोंड उघडायची कुणाची छाती आहे?" ती म्हणाली. "आणि डोळ्यांचं मला सांगू नका. डोळे नव्हते, पण कान होते ना? आपण काय म्हणतोय ते तुम्हाला ऐकू आलं नाही?"

मी पुन्हा तिच्या मागे बसलो आणि आम्ही घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या घरी माफी मागायला गेलो. मी आयुष्यात फारशी कुणाची माफी मागितलेली नाही, त्यामुळे मला ती नीट मागताही आली नाही. बाई आत स्वयंपाकघरात होत्या, बाहेर आल्या नाहीत. सुनेनं खुर्ची दिली. तिचे डोळे सुजलेले होते.

"काका, सासूबाई रात्रभर रडल्या," ती म्हणाली. "तुमची ती किताबी मराठी मला तर काही समजलीच नाही. मी आमेन पण म्हटलं. सकाळी यांनी सांगितलं तेव्हा पता चाललं. माझ्या पोरासाठी काय वाचलं ते मलाच माहीत नाही, मी कशी आई?"

मी म्हटलं, चूक माझी आहे, तुझी नाही. पुढच्या बुधवारी मी योग्य भाग वाचतो.

"नको," ती म्हणाली. एवढ्या सरळ मला कुणी नको म्हटलं नव्हतं. "मी वाचणार. याच्या पहिल्या वाढदिवसाला. तुम्ही शिकवा. मला अक्षरं येतात, पण अटक-अटक के वाचते. बस, तुम्ही टोकायचं नाही."

अशी आमची शिकवणी सुरू झाली. रोज सकाळी तिचा नवरा कामावर गेला की मी त्या दिवसाचं पान घेऊन हजर. तिनं वाचायचं आणि मी ऐकायचं. पहिल्या दिवशी तिसऱ्या ओळीला माझं तोंड उघडलं. दुसऱ्या दिवशी पहिल्याच ओळीला. तिसऱ्या दिवशी तिनं पुस्तिका बाजूला ठेवली, झोपलेलं बाळ उचललं आणि माझ्या मांडीवर दिलं.

"याला धरा," ती म्हणाली. "बोललात तर उठेल. उठला तर तुम्हीच चूप करा."

भाऊ-भियांनो, हा उपाय कुठल्याही शिक्षण खात्याला सुचला नसता. त्या दिवसापासून अर्धा-पाऊण तास मी बाळ घेऊन मुकाट बसायचो. ती एकेका शब्दाशी झगडायची. जोडाक्षर आलं की थांबायची, मनात जुळवायची, मग मोठ्यानं म्हणायची. माझी जीभ टाळूला चिकटून बसलेली. आणि ती एवढी सावकाश वाचत असल्यामुळे मला पहिल्यांदाच ऐकू यायला लागलं. शेकडो वेळा मी जे भाग घडघडा म्हटले होते, त्यांत माणसं होती, भुकेली, रागावलेली, घाबरलेली. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही, पण मी त्यांच्याजवळ कधी थांबलोच नव्हतो.

ती प्रश्न विचारायची. या माणसाला बरं केलं, मग याला कुणाला सांगू नको असं का म्हटलं? ही बाई एवढी दुरून आली, तिची लेकरं कुणापाशी होती? गणिताच्या मास्तराला माहीत नाही म्हणायची सवय नसते. सुरुवातीला मी काहीतरी ठोकून द्यायचो. पण ती अशी बघायची की मला लाज वाटे. मग म्हणायला लागलो, माहीत नाही, उद्या विचार करून सांगतो. घरी येऊन खरंच विचार करायचो. गंधवानीच्या खोलीत व्हायचं तसं पुन्हा होऊ लागलं होतं. पान मला विचारत होतं आणि मला उत्तर द्यायचं होतं. सत्तरीकडे झुकलेल्या माणसाला आपण अजून कशासाठी आहोत ते समजणं ही लहान गोष्ट नाही. मी वाचण्यासाठी नव्हतोच. माझ्यानंतर वाचणारं कुणीतरी तयार व्हावं यासाठी होतो, आणि तेच सोडून मी बाकी सगळं करत बसलो होतो.

मधल्या काळात माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. आता लख्ख दिसतं. मंडळींनी विचारलं, बुधवारचं वाचन परत सुरू करता का? मी सांगितलं, पाळ्या लावा, माझं नाव सगळ्यांत शेवटी घाला. त्यांचा विश्वास बसायला दोन आठवडे लागले.

स्वयंपाकघरातल्या बाई मात्र माझ्याशी बोलत नव्हत्या. रोज चहा यायचा, सुनेच्या हातून. आतून लाटण्याचा आवाज यायचा. माझ्या मनाला ते लागून राहिलं होतं, पण तक्रार करायला तोंड नव्हतं. ज्या घरात आधीच दोनदा आशा मोडलेली, तिथे मी ते वाचलं होतं.

वाढदिवसाआधी दोन महिने आम्ही रोजच्या पानानंतर तो एकच भाग घ्यायला लागलो, बाळाच्या उपकारस्तुतीचा. ती तो रोज वाचायची. अडखळणं कमी झालं, आवाज मोकळा झाला. मी एकदाही टोकलं नाही. बायकोचा यावर आजही विश्वास नाही.

वाढदिवसाची सभा त्यांच्याच घरी झाली. खोली गच्च भरली होती. बाळ आता माझ्या मांडीवर बसत नव्हतं, माझ्या चष्म्याची काडी ओढत उभं होतं. सून उठली. साडीचा पदर खोचला, पुस्तक उघडलं आणि वाचायला लागली. मी मान वर करून आजूबाजूला पाहिलं. लोक तिच्याकडे बघत होते. माझ्या वाचनाला बसत तसा एकजणही खाली नजर लावून बसलेला नव्हता. एखादा शब्द तिला अडला की सगळी खोली तिच्यासोबत थांबायची आणि ती पुढे गेली की पुढे जायची. परीक्षेत पहिल्या आलेल्या पोरांचाही मला एवढा अभिमान वाटला नव्हता.

अर्ध्यावर ती थांबली. डोळ्यांत पाणी आलं असावं, ओळ सापडेना. तिनं माझ्याकडे पाहिलं. मला ओळ येत होती, पण मी तोंड मिटून राहिलो. ही तिची होती, शोधू दे तिला.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला. बाई होत्या. हाताला कणीक लागलेली, आणि पुस्तकाशिवाय, एकही शब्द इकडचा तिकडे न करता त्यांनी ती ओळ म्हटली. सुनेचं हे वाचन पोळ्या लाटता लाटता दोन महिने रोज त्यांच्या कानावर पडलं होतं. म्हणून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण कुणासमोर बोललो. त्यांनी चटकन पदर तोंडाला लावला आणि माझ्याकडे पाहिलं.

"बाई, पुढचं म्हणा," मी म्हटलं.

सुनेनं पुस्तक मिटलं. बाईंनी पदर खाली घेतला आणि नातवाकडे बघत शेवटपर्यंत म्हटलं.