दीड इंच खाली

पनवेलपासून बेलापूरपर्यंत जेवढी माणसं राहतात, त्यांत दुसऱ्याच्या घरी गेल्यावर आधी सोफ्याची परीक्षा घेणारा माणूस एकच आहे, आणि दैवयोगाने तो आमचा व्याही आहे. आमच्या मुलीचं लग्न ठरवायला ही मंडळी करंजाड्याहून आमच्या खांदेश्वरच्या घरी आली, तेव्हा ते सोफ्यावर बसले, दोनदा हलके उसळले, आणि मुलीच्या शिक्षणाबद्दल एक शब्द न काढता गंभीरपणे म्हणाले, "डाव्या बाजूची स्प्रिंग बसली हाय." विहीणबाईंनी पदर तोंडाला लावला. आमच्या हिने मला आत बोलावून विचारलं, "माणूस बरा आहे ना?" मी म्हणालो, "सोफ्याबद्दल तरी खरं बोलतोय."

खाडीकाठच्या गावातलं हे शेतकरी घर. शेतं गेली, त्या जागी इमारत आली, आता भाडं येतं आणि व्याह्यांना दिवसभर मोकळा वेळ असतो. तो सगळा वेळ त्यांच्या दुधी रंगाच्या जुन्या पद्मिनी गाडीच्या वाट्याला जातो. गाडी कुणाचीही असो, रस्त्यात उभी दिसली की ते तिच्या बॉनेटवर दोन्ही तळवे टेकून ती खाली दाबतात, हात सोडतात आणि ती किती वेळ डोलते ते डोकं कलतं करून बघतात. लग्नात वरात दारात आली, बायका ओवाळायला तबक घेऊन उभ्या, आणि नवऱ्यामुलाचे वडील फुलांनी सजवलेल्या गाडीचं नाक दाबत होते. झेंडूच्या दोन माळा तुटल्या तेव्हा कुठे थांबले.

त्यांच्या स्वतःच्या गाडीचं दुखणं मात्र जुनं होतं. पद्मिनी पुढून उंच उभी राहायची, नाक वर करून चालायची आणि वळणावर अशी कलंडायची, की आत बसलेल्याला भरतीच्या पाण्यावर असल्यासारखं वाटावं. विहीणबाईंना तिच्यात हमखास मळमळायचं. एकदा पनवेलच्या उड्डाणपुलावर गाडी थांबवून त्या उतरल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या होडीत मी परत बसायची नाय." शब्दाच्या पक्क्या. तेव्हापासून कुठल्याही कार्याला नवरा पद्मिनीत आणि बायको मागून रिक्षात, असे दोघे जायचे. व्याही आरशातून रिक्षा दिसते का ते बघत हळू चालवायचे. लोक हसायचे. पण मुलगा-सून स्वतःच्या घरी राहायला गेल्यावर शेजारची ती रिकामी सीट त्यांना जास्तच खुपू लागली असावी. एक दिवस मला फोन करून म्हणाले, "पुढच्या स्प्रिंगा बदलतो. गाडी खाली बसवतो नि घट्ट करतो. तुमी या."

गॅरेजवाल्याने सोपा उपाय सांगितला होता: आहे त्याच स्प्रिंगचा एक वेढा कापून टाकायचा. व्याही दुखावलेच. "मानूस उंच हाय म्हनून त्याचं पाय कापशील काय?" असं त्याला विचारून ते थेट तळोज्याला, स्प्रिंगा बनवणाऱ्या एका कारखान्यात गेले. तार किती जाड, वेढे किती, उंची किती, यावर त्यांनी तिथल्या माणसाचं डोकं खाल्लं आणि नवी जोडी घेऊन आले. माझं काम एवढंच, की विहीणबाईंच्या जागी बसायचं. माझं वजन त्यांच्याएवढं आहे हे व्याह्यांनी नजरेने ठरवलं होतं. त्यावर दोन्ही घरांतून नाराजी व्यक्त झाली.

पहिली जोडी जाड तारेची होती. स्टेशन रोडच्या गतिरोधकावर माझं डोकं छताला लागलं आणि चष्मा मागच्या सीटवर गेला. "कसा वाटला?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "पाठीचा एकेक मणका ओळखीचा झाला." "म्हंजे कडक हाय," ते शांतपणे म्हणाले. दुसरी जोडी मऊ निघाली, पण गाडी इतकी खाली बसली, की सोसायटीच्या फाटकात तिचं पोट घासलं आणि त्या आवाजाने वॉचमन जेवता जेवता उठून आला. तिसऱ्या जोडीच्या वेळी मात्र व्याह्यांनी घाई केली नाही. आधी गाडीत चार माणसं बसवून चाकावरची फट मोजली, मग आधीच्या दोन्हींच्या मधली तार निवडली. गाडी पुढून दीड इंच खाली आली. ताकाचा पेला हातात धरून मी बेलापूरपर्यंत गेलो. वळणं आली आणि गेली, ताक पेल्यातच राहिलं.

पुढच्या रविवारी विहीणबाईंच्या माहेरी, उरणकडच्या गावात, हळद होती. व्याह्यांनी बायकोला विचारलंच नाही. गाडीचं दार उघडून नुसते उभे राहिले. विहीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "बसा. मी बसून आलोय." त्या बसल्या, मी मागे. पहिल्या वळणावर त्यांनी दाराची मूठ घट्ट धरली होती. तिसऱ्या वळणापाशी हात सुटला, मांडीवर आला. मग त्या बोलायला लागल्या. "ती पिवली बिल्डिंग हाय ना, तिथं आपलं खाचर होतं. मी भाकरी घेऊन यायची." व्याही म्हणाले, "नि तू बांधावरून पडलीस." "तुमी हसलात." "मंग काय करू?" गाव येईपर्यंत त्या दोघांनी अख्खी शेती पुन्हा एकदा कसली.

गावात गाडी थांबली आणि एक गोष्ट लक्षात आली, जी कुठल्याच मोजमापात धरली नव्हती. सीट खाली गेली होती, आणि विहीणबाईंचे गुडघे काही पूर्वीचे राहिले नव्हते. त्यांना उठताच येईना. व्याह्यांचा चेहरा उतरला. लगबगीने दाराशी येऊन म्हणाले, "अर्धा इंच वर घेतो. उद्याच घेतो."

"राहू द्या," विहीणबाई म्हणाल्या. "हात द्या."

त्यांनी दोन्ही हात दिले. विहीणबाई उठल्या, आणि एक हात सोडायचा राहूनच गेला. दोघे मांडवाकडे चालू लागले, सावकाश, आपल्याकडे कुणी बघतंय याची जाणीव नसलेल्या माणसांसारखे. मांडवातून भावजया पुढे आल्या तेव्हा विहीणबाईंनी हात सोडवून घेतला आणि पदर सारखा केला. मी गाडीपाशीच उभा होतो. मला वाटलं, मांडव थोडा लांब घातला असता तर बरं झालं असतं.