कडेची नजर

महाडच्या एसटी स्टँडमागे काकांचं सलून होतं. वयामुळे डोळ्याचा पडदा मधोमध खराब झालेला, म्हणून समोरचा माणूस पाहायला ते मान वळवून कडेने बघत. "काका, गिऱ्हाईक इकडं हाय, रस्त्यात नाय," असं कुणी चिडवलं की हसत. "रस्त्याकडं बघितलं की तूच दिसतोस रे."

एकदा माझ्या गालांना साबण लावून त्यांनी विचारलं, "डोळ्यात नव्या पेशी बसवतात म्हणं. तुम्ही लिहिता त्या पेपरात आलंय. त्याच आशेवर वस्तरा धरलाय. मला कधी बसवतील?"

मी सांगितलं, "अजून प्रयोग चालू आहेत. बरीच वर्षं लागतील."

त्यांनी वस्तरा मिटला आणि ओल्या टॉवेलने माझा साबण पुसला.

"मग आजपासून फक्त केस," ते म्हणाले. "दाढीला पलीकडच्या सलूनात जात जा."