शाळेच्या गाडीचा कॉम्प्युटर

आमच्या घरात प्रत्येक गोष्टीची यादी आहे आणि प्रत्येक यादी माझ्या अक्षरात आहे. किराणा, दिवाळीची साफसफाई, गॅसची टाकी कधी लावली, कुणाच्या लग्नात कुणी काय आहेर केला. एकच गोष्ट मी कुठल्याही यादीत लिहिली नाही. तोंडाने तर कधीच कुणाजवळ काढली नाही — बहिणीजवळ नाही, देवाजवळसुद्धा नाही. तुमच्याजवळ काढते आहे. का? एक तर तुम्ही आमच्या आंबवड्याचे नाही. दुसरं कारण शेवटी येईल. क्रम सोडून मला बोलता येत नाही.

मी नर्स आहे. उपकेंद्रात सव्वीस वर्षं झाली. कोणत्या वाडीत कुणाच्या बाळाची कुठली लस राहिली आहे, हे मला वही न उघडता सांगता येतं. आमचे हे प्रवाशांची जीप चालवतात. गाव यांना तात्या म्हणतं. तात्यांना दोनच गोष्टींचा अभिमान होता. एक म्हणजे वेग आणि दुसरी म्हणजे सारोळ्याचे महादूभाऊ.

महादूभाऊ हे यांचे शाळेपासूनचे मित्र. नीरेच्या पुलाजवळ त्यांचं गॅरेज आहे. दर शनिवारी दोघं समोरच्या हॉटेलात मिसळ खायचे आणि बिल कुणी द्यायचं यावरून भांडायचे. इतकं जोरात, की नवीन गिऱ्हाईक मधे पडायचं.

आणि वेग — भाजी फोडणीला टाकून बाईनं माझ्या जीपमध्ये बसावं, भोरला जाऊन यावं, भाजी करपायची न्हाई, असं हे सांगायचे. मीटरचा काटा केव्हाच मेला होता. हे वेग कानाने ओळखायचे. पण खरं सांगायचं तर त्या वेगाचा उपयोगही होता. अडलेल्या बायकांना यांनी भोरच्या दवाखान्यात वेळेत पोहोचवलं, त्याची यादी माझ्याकडे आहे. सतरा नावं. बाळांची वजनंसुद्धा लिहिली आहेत.

मी मात्र शेजारी बसले की डोळे मिटून घ्यायचे. एकदा वेल्ह्याच्या रस्त्याला एका वळणावर मेंढरं आडवी आली. जीप थांबली तेव्हा सगळ्यात पुढच्या मेंढीची लोकर बॉनेटला टेकली होती. मेंढरं वरच्या धनगरवाड्यातल्या ठकूबाईंची. त्या काठी टेकत खिडकीशी आल्या, आत वाकून बघितलं आणि शांतपणे म्हणाल्या, "तात्या, लई घाई आसंल तर उडून जावा की. रस्ता आमाला ऱ्हाऊ द्या." हे पोट धरून हसले. घरी येईपर्यंत हसत होते. मी घरी येईपर्यंत समोरची दांडी सोडली नव्हती.

हे कारण म्हणून सांगत नाही. क्रमात येतं म्हणून सांगितलं.

मग जीप बंद पडायला लागली. धावता धावता एकदम गप्प — ना धूर, ना खरखर. अर्ध्या तासाने आपोआप चालू. कुणी म्हणालं डिझेलमध्ये पाणी आहे, कुणी म्हणालं पंप, चुलत सासूबाई म्हणाल्या नजर. यांनी तिघांचंही ऐकलं. टाकी धुतली, पंप उघडला, लिंबू-मिरची बांधली. शेवटी बॉनेटवर ओलं पोतं टाकून रस्त्याच्या कडेला बसायचे, आणि एसटीतली माणसं खिडकीतून विचारायची, "काय तात्या, ताप आलाय का गाडीला?"

मी यादी केली. तारीख, ठिकाण, चढ का उतार, ऊन का सावली, किती माणसं बसली होती. अकरा ओळी झाल्यावर एवढं दिसलं, की सकाळी आणि ढगाळ दिवशी ती एकदाही बंद पडलेली नाही. ताप आला होता हे खरंच होतं.

महादूभाऊंनी ती यादी दोनदा वाचली. "वहिनी, तुमी सुया टोचायचं सोडा आन् माझ्या गॅरेजात या," म्हणाले. त्यांनी डॅशबोर्डच्या खालून एक चपटी पेटी काढली — जेवणाच्या डब्याएवढी. हा गाडीचा कॉम्प्युटर. एवढ्या जुन्या जीपला कॉम्प्युटर असतो हे मला तो बिघडेपर्यंत माहीत नव्हतं. आतला तारेचा टाका तापला की सुटत होता आणि गार झाला की धरत होता. नवीन मिळणार नव्हता, त्या जीपचे कॉम्प्युटर बनायचेच बंद झाले होते. जुना शोधावा लागणार होता.

पंधरा दिवसांनी महादूभाऊंनी पुण्याहून दोन जुने आणले. एक चालला नाही तर दुसरा असावा म्हणून. दोन्ही चालले. तिथेच सगळं बिघडलं.

हे मिसळ सांगायला समोर गेले होते. मी पिशवी घेऊन उभी होते. महादूभाऊंनी एक कॉम्प्युटर डाव्या हातात धरला, एक उजव्या.

"ह्यो घरच्या गाडीचा हाय, ह्यो बसवतो," ते म्हणाले. "दुसरा शाळेच्या गाडीचा. त्येला कुलूप हाय. पन्नासच्या म्होरं गाडी पळूच देत न्हाई."

"म्हणजे कितीही दाबलं तरी?"

"नाचलं तरी बी."

मी समोर बघितलं. हे हॉटेलवाल्याला हातवारे करून काहीतरी सांगत होते, बहुतेक एखादा ट्रक कसा मागे टाकला ते.

"शाळेचा बसवा," मी म्हणाले.

महादूभाऊ हसले. मग माझ्याकडे बघून हसायचे थांबले. मित्राच्या गाडीत असं करणं बरं नव्हं, असं काहीतरी पुटपुटले. मी म्हटलं, फक्त महिनाभर. महिन्याने मीच सांगेन. ज्यांच्या दोन्ही नातवंडांना पहिली लस मी टोचली आहे, त्या माणसाला मला नाही म्हणता येत नाही. हे मला माहीत होतं आणि मी ते वापरलं.

घरच्या गाडीचा कॉम्प्युटर मी रुमालात गुंडाळून पिशवीत टाकला. घरी आल्यावर एका डब्यात घातला, डबा स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर ठेवला आणि त्यावर चिठ्ठी चिकटवली: "मुदत संपलेली औषधं. हात लावू नये." आमच्या घरात माझी चिठ्ठी कुणी मोडत नाही.

तुम्ही म्हणाल, एवढंच? एखादी बायको घाबरली आणि तिने नवऱ्याच्या गाडीला लगाम घातला — त्यात काय मोठंसं? मलाही काही दिवस असंच वाटलं. झोप छान लागायची. पण हे कबूल करायला मी बसलेले नाही. पुढे आहे ते.

पहिल्या दिवशी हे महामार्गावरून आले ते लाल होऊन. एका उसाच्या ट्रॅक्टरला ओलांडायला जेजुरीला जायला लागेल एवढा वेळ लागला, आणि मागून टेम्पोवाले कानठळ्या बसेस्तोवर हॉर्न देत होते. शनिवारी हे महादूभाऊंकडे गेले. मिसळीवर, सगळ्या हॉटेलसमोर म्हणाले, "दोस्त म्हणून आलो तर भंगार गळ्यात मारलंस." आणि महादूभाऊ? त्यांनी मला दिलेला शब्द पाळला. मान खाली घालून मिसळ खात राहिले. त्या दिवशी बिलावरून भांडण झालं नाही. ज्याने त्याने आपापलं दिलं.

त्यानंतर ते दोघं एकत्र बसलेले नाहीत.

हे नसरापूरला दुसऱ्या गॅरेजात गेले. तिथे यंत्र लावून बघितलं, गाडीत एकही दोष निघाला नाही. निघणार कसा? जो कॉम्प्युटर होता तो अगदी निरोगी होता आणि त्याला सांगितलेलं काम चोख करत होता. गॅरेजवाला म्हणाला, गाडी ठणठणीत आहे.

गाडी ठणठणीत, मग दोष कुणाचा?

त्या संध्याकाळी हे ओट्यावर बसून उजवं पाऊल चोळत होते. मी तांदूळ निवडत होते. यांनी डावं पाऊलही चोळून बघितलं. मग म्हणाले, "बाई —" मला हे चेष्टेने बाई म्हणतात, पण त्या दिवशी चेष्टा नव्हती — "बाई, माझ्याच पायात जोर ऱ्हायला न्हाई का गं? दाबतोय आसं वाटतंय, पण दाबलं जात नसंल."

बघा — इथे. डबा दहा हातांवर, आत फळीवर होता. एक वाक्य बोलायचं होतं, फार तर दोन. माझ्या आयुष्यात याहून सोपं काम यादीत कधी नव्हतं.

मी उठले, त्यांचा गुडघा वाकवून बघितला, तळव्याला बोट लावलं, पोटरी दाबली. एवढ्या वर्षांच्या अनुभवाने. पाय बैलासारखा होता. आणि मी म्हणाले, "वयानुसार होतं असं. कॅल्शियम घेऊ या."

हे. कबूल करायचं आहे ते हे.

वेगाची भीती वाटली म्हणून कॉम्प्युटर बदलला, असं एक वेळ म्हणेन. पण पायाचं? पाय काही मेंढरांवर जात नव्हता. मी पकडली जाईन म्हणून बोलले, दुसरं काही नाही. आणि माझा नवरा, जो डॉक्टरवर विश्वास ठेवत नाही, त्याने माझ्यावर ठेवला.

मग मी काय केलं? अर्थात यादी केली. सकाळी गोळी, दुपारी तळव्याखाली बाटली फिरवणे, संध्याकाळी तिळाच्या तेलाने मालिश. चार वर्षं हे ती यादी पाळत आहेत. एका धडधाकट पायाची एवढी सेवा तालुक्यात कुणी केली नसेल. पाय खरोखर तुकतुकीत झाला आहे. जीप पन्नासच्या पुढे जात नाही.

गावाचं मात्र भलतंच भलं झालं. तात्या माणसात आले, असं म्हणत म्हाताऱ्या आमच्याच जीपसाठी थांबायला लागल्या. ठकूबाई आता एक करडू मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसतात आणि वाटेत झोपतात. गेल्या वर्षी ग्रामपंचायतीने यांना शाल-श्रीफळ दिलं, गाडी सांभाळून चालवतात म्हणून. हे बोलायला उभे राहिले. म्हणाले, "ह्यात माझं काय न्हाई. पाय चालंना म्हणून हळू चालवतो. तो पाय बी बाईंनी धरून ठेवलाय म्हणून, न्हाईतर एव्हाना काठीच आली आसती." लोक हसले, टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. शेवटच्या रांगेत महादूभाऊ होते, कुणाच्या तरी सोबत आलेले. ते टाळ्या वाजवत नव्हते. माझ्याकडे बघत होते.

बाहेर त्यांनी मला गाठलं. "वहिनी, महिना म्हणाला व्हता," एवढंच म्हणाले. मी म्हटलं, दिवाळी झाली की सांगते. कुठली दिवाळी ते मी बोलले नाही.

आणि सतरा बायकांची ती यादी? तिच्यात अठरावी ओळ झाली नाही. आता लोक रुग्णवाहिका बोलावतात, नाहीतर खालच्या आळीतल्या पोराची गाडी. चांगलंच आहे ते, नर्स म्हणून मी तसंच सांगते. पण रात्री उशाशी फोन ठेवून झोपायची यांची सवय गेलेली नाही. फोन वाजत नाही. सकाळी हे तो उचलून एकदा बघतात आणि खिशात टाकतात.

आता दुसरं कारण.

फ्रिजवर माझी आठवड्याची यादी लावलेली असते. काल तिच्यात सगळ्यात खाली एक ओळ दिसली, माझ्या अक्षरातली नाही. यांचं अक्षर मोठं आणि तिरकं आहे. "जीप देऊन टाकणे." मी विचारलं तर हे म्हणाले, पायाचा भरवसा उरला नाही, ब्रेकवरही असंच झालं तर एखाद्याचा जीव जाईल, त्याआधी सोडलेली बरी. मग म्हणाले, "महादूला उगं बोललो गं. त्येचा काय दोष नव्हता, माझा पायच तसला. पर आता कोणत्या तोंडानं जाऊ?"

आज सकाळीच हे जीप घेऊन भोरला गेलेत, एका गिऱ्हाइकाला दाखवायला.

ते गेल्यावर मी स्टूल घेतलं आणि डबा काढला. चिठ्ठी पिवळी पडली आहे, अक्षर शाबूत आहे. कॉम्प्युटर पुसून टेबलावर ठेवला आहे, यांच्या चहाच्या जागेशेजारी. यादीत यांच्या ओळीखाली मी एक ओळ लिहिली: "पाय कधीच बिघडला नव्हता. मला माहीत होतं." खाली जागा होती. आणखी काही लिहावं का, याचा विचार केला. नाही लिहिलं.

आमच्या गावाआधी रस्ता सरळ आहे, अर्धा मैल तरी. तिथे जीप लागली की घरात आवाज येतो. पूर्वी आवाज आला की गॅस पेटवेपर्यंत हे दारात असायचे. आत्ता आवाज येतो आहे. मी आधण ठेवलं, चहा-साखर घातली, आलं किसलं.

अजून येतेच आहे. पन्नासच्या वर तिला येत नाही.