आबांच्या मापाचा पलंग

पलंगासाठी माणसाचं माप घ्यायचं, तर आधी त्याला आडवं करावं लागतं, अशी माझी समजूत होती. आमच्या कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत ही समजूत माझ्याखेरीज कुणाचीच नव्हती, हे मला एका दुपारी कळलं.

आबा, म्हणजे माझे वडील, जुने पैलवान. दुकानातून आणलेल्या कुठल्याही पलंगावर त्यांच्या पोटऱ्या बाहेर लोंबायच्या. बिचारे पाय पोटाशी घेऊन झोपायचे आणि सकाळी गुडघे धरून उठायचे. मला ते बघवेना. म्हटलं, आबांना त्यांच्या मापाचा पलंग करून द्यायचा, आणि त्याचं डिझाइनही आपणच काढायचं. (मी कचेरीत कारकून. लाकडाशी माझा संबंध टेबलावर कोपर टेकण्यापुरता.)

मारुती सुतार टेप घेऊन आला. "आबास्नी भिताडाला उभं करू," तो म्हणाला. "उंची घेतली की झालं."

"माणूस उभ्यानं झोपतो काय रे?" मी म्हणालो. मला आबांचा डोक्यापासून टाचेपर्यंतचा सगळा आकारच हवा होता.

"तुमचा पलंग, तुमचं डोस्कं," मारुती म्हणाला.

आबांना पुढच्या सोप्यात जमिनीवर उताणं झोपवलं. तेवढ्यात लाइट गेली. भारनियमनाचे दिवस होते, आणि आमच्या सोप्यात भरदुपारीही अंधार. म्हणून देवघरातला दिवा आणून आबांच्या उशाशी ठेवला. खडू सापडेना, म्हणून डब्यातलं गव्हाचं पीठ घेऊन त्यांच्या अंगाभोवती रेघ ओढली. सर्दीमुळं आबांच्या कानांत कापसाचे बोळे होतेच. (बायको शिरोळला माहेरी गेली होती. ती घरात असती तर पुढचं काहीच झालं नसतं.)

"आबा, म्या येस्तोवर हलू नगासा," असं मोठ्यानं बजावून मारुती दुकानात विसरलेली लांब पट्टी आणायला गेला. आबा तालमीत वाढलेले. हलायचं नाही म्हणजे नाही. डोळे मिटून पडून राहिले.

शेजारच्या तानूमावशी विरजण मागायला आल्या, त्या दारातच थबकल्या.

"आबास्नी कवा खाली घेतलंस?"

"आत्ताच की."

"लई तरास झाला का रं?"

"छे. सांगितल्याबरोबर आडवे झाले."

मावशींनी तोंडाला पदर लावला आणि विरजण न घेताच गेल्या.

मग पेठेत काहीतरी विचित्र व्हायला लागलं. समोरच्या सायकल दुकानातला ट्रान्झिस्टर गाण्याच्या मध्येच बंद झाला. माणसं एकेक करून आमच्या कट्ट्यावर येऊन बसली. कोल्हापुरात एवढी माणसं जमावीत आणि एकानंही आवाज चढवू नये, हे मी जन्मात पाहिलं नव्हतं.

"काय झालंय?" मी सायकलवाल्याला विचारलं.

त्यानं माझा खांदा दाबला. "धीर धर, परकाश. शिरोळला फोन केलाय."

"काय सांगितलं?"

"काय सांगायचं असतंय?"

इतक्यात दोघा पोरांनी बांबू आणून आमच्या भिंतीला टेकवले. शेजारी एक कोरं मडकं ठेवलं.

"हे कुणासाठी?" मी विचारलं. पोरांनी नुसतं सोप्याकडं पाहिलं. मीही पाहिलं. जमिनीवर घेतलेला माणूस, उशाशी दिवा, कापूस, पीठ. (आमच्याकडं माणूस जायला लागला की त्याला अंथरुणावरून खाली घेतात. हे मला माहीत होतं. वेळेवर आठवलं नाही, एवढंच.)

हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. "आबा," मी हाक मारली. हालचाल नाही. एरवी घोरून पत्रे हलवणारा माणूस घोरतही नव्हता. छाती वरखाली होते का, ते त्या उजेडात कळेना. मी ओढलेली रेघ, आणि तिच्या आत माझा बाप. पलंगाच्या नादात मीच यांना पोचवलं की काय, या भीतीनं मी पुढं धावलो. गुडघ्यांवर बसलो, त्यांच्या नाकापाशी बोट धरलं, पण सर्दीनं चोंदलेल्या नाकातून काही समजेना. खरं सांगतो, मी रडायला लागलो.

मला रडताना बघून बाहेर बायकांनी सूर लावला.

आबांनी एक डोळा उघडला. "माप झालं का रं?"

ते उठले आणि सरळ कट्ट्यावर गेले. सूर मध्येच तुटला. पुढची माणसं मागच्यांच्या अंगावर सरकली. आबांनी बांबू पाहिले, मडकं पाहिलं, कानांतला कापूस काढला.

"कोण गेलं?"

सायकलवाल्यानं मडकं हळूच पायानं मागं सारलं.

"आरं, बोला की. परकाश, माझं उपरणं आण. पेठेतलं मयत हाय, जायाला पायजे."

तानूमावशी मात्र खाली वाकून आबांच्या मागं उमटलेली पिठाची पांढरी पावलं बघत होत्या. (गेलेला माणूस कुठल्या जन्माला गेला, हे पिठातल्या पावलांवरून बघतात.) "माणसाचीच हायती," त्यांनी सगळ्यांना सांगितलं.

संध्याकाळी शिरोळहून ट्रॅक्टरभर पाहुणे रडत आले. त्यांना आबांनीच आग्रह करून जेवायला वाढलं.

पट्टी घेऊन परतलेल्या मारुतीनं पिठाच्या रेघेवरूनच माप घेतलं, आणि पलंग यथावकाश तयार झाला. सागवानी, ऐसपैस, त्या रेघेवर बेतलेला. आबांनी त्याच्याभोवती एक चक्कर मारली. "ह्या मापावर माझं एक मयत झालंय. तूच झोप," म्हणाले, आणि आपल्या जुन्या पलंगाच्या पायथ्याशी एक स्टूल सरकवून त्यावर मस्त पाय पसरले. हा उपाय माझ्या डिझाइनमध्ये नव्हता.

तेव्हापासून नव्या पलंगावर मी झोपतो. माझी उंची बेताची, त्यामुळं पायांखाली पलंग उरतो. आणि आबा होते तोवर रोज सकाळी उठले की आधी माझ्याकडं यायचे, वाकून माझ्या नाकापाशी बोट धरायचे आणि स्वयंपाकघराकडं तोंड करून सुनेला सांगायचे, "हाय अजून. च्या टाक."