उलट नात्याचं नाव

नेपियर टाउनमधल्या आमच्या छोट्या सॉफ्टवेअर ऑफिसात माझी एक सहकारी रांझीहून स्कूटीनं यायची. कॉम्प्युटर सुरू करताना त्याला "चलो जी" म्हणायची. चूक दाखवणारा संदेश आला की तो हळू आवाजात पूर्ण वाचायची. आम्ही बाकीचे नुसता लाल रंग बघून वैतागायचो.

एका दवाखान्याचं काम होतं. प्रत्येक पेशंटच्या नोंदीला दोन डॉक्टर जोडलेले, एक पाठवणारे आणि एक उपचार करणारे. पण उलट, डॉक्टरच्या नावावरून त्याच्या पेशंटची यादी मागितली की दोन्ही नात्यांना एकच नाव पडायचं, 'पेशंट'. कोणती यादी हवी ते न कळून प्रोग्राम अडून बसला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काम दाखवायचं होतं.

"पाठवणाऱ्यांची यादी बंदच कर ना," मी म्हणालो. "कोण बघणार?"

"काहून बंद करू? ज्यानं पाठवला, त्याला पेशंटचं काय झालं ते कळू नये का?"

तिनं सरळ दवाखान्यातल्या रिसेप्शनिस्टला फोन लावला. "दीदी, दूसरे डॉक्टर के पेशंट को आप लोग क्या बोलते हो?"

"भेजे हुए. बाकी सब अपने."

तिनं दोन याद्यांना तीच दोन नावं दिली. प्रोग्राम चालू झाला. मी हसलो, तर म्हणाली, "लोक जे म्हणून राहिले, तेच नाव बरं."

सकाळी दवाखान्यात कांचघर भागातले एक म्हातारे डॉक्टर आले होते. बरीच वर्षं ते तिथं पेशंट पाठवत. तिनं त्यांची 'भेजे हुए'ची यादी उघडून दिली. चष्मा कपाळावर सारून ते एकेक नाव आणि त्यापुढची उपचाराची नोंद वाचू लागले.

"अच्छा, ये घर चली गई," ते स्वतःशीच म्हणाले, आणि खुर्ची पुढे ओढून बसले.