भिकाजीचं गाऱ्हाणं

घाटकोपरच्या भटवाडीत कोकणातल्या रीतीनं गाऱ्हाणं, म्हणजे सगळ्यांच्या वतीनं देवाला साकडं, घालावं तर भिकाजीनंच. आवाज असा, की टेकडीवरच्या शेवटच्या खोलीतलं मूलसुद्धा झोपेतून उठून बसावं. संपात गिरणी सुटली, पण आवाज शाबूत राहिला. आता तो विक्रोळीच्या एका कारखान्यात हजेरी लिहायचा.

त्या साली, म्हणजे शहाऐंशीत, त्याची मुलगी अनुपमा चौथीच्या स्कॉलरशिपला नापास झाली. वर्गात पहिली येणारी पोर! चाळीत बोलणं सुरू झालं.

"टीव्हीनं वाट लावली पोरीच्या डोक्याची," शकु म्हणाली. ही शेजारची शकु रोज संध्याकाळी भिकाजीच्या घरी त्याच टीव्हीपुढे सगळ्यांच्या आधी येऊन जागा धरायची.

"तेच म्हणतो मी," भिकाजीनं मान डोलावली. "डोकं बथ्थड होतं त्यानं. पेपरातपण आलंय."

बायको, वनमाला, त्याच्याकडे एकदा बघून आत निघून गेली.

खरं काय ते दोघांनाही ठाऊक होतं. टीव्ही येईपर्यंत भिकाजी रोज दिवेलागणीला पोरीला समोर बसवून पाढे घ्यायचा, गणितं घालायचा. टीव्ही आला आणि घर नाटकगृहासारखं भरू लागलं. मधल्या खुर्चीत मालक भिकाजी! अनुपमा मात्र मोरीजवळ, टीव्हीकडे पाठ करून, वही मांडीवर घेऊन बसायची.

"बाबा, आज घ्याल?"

"उद्या घेऊ गं, बातम्या लागल्यात."

असे किती उद्या गेले, देव जाणे.

चाळीच्या सत्यनारायणाला पूजा झाली, नारळ ठेवला, माणसं हात जोडून उभी राहिली. भिकाजी पुढे झाला. सगळ्यांच्या सुखाचं मागून झालं. प्रत्येक मागणीला माणसं एका सुरात "व्हय म्हाराजा!" म्हणत होती. मग तो म्हणाला, "आणि ह्या टीव्हीन माज्या चेडवाच्या, ह्या अनूच्या बुद्धीक जी काय कीड लायली आसात, ती दूर कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

त्या गजरात एक बारीक आवाज त्याच्या अगदी कोपराशी उमटला. अनुपमा डोळे गच्च मिटून, हात जोडून, स्वतःच्या डोक्याला लागलेल्या किडीला मनापासून होकार देत होती.

भिकाजीनं गाऱ्हाणं मधेच तोडलं. आयुष्यात पहिल्यांदा.

"रे भिकाजी, थांबलंस कित्याक?" म्हाताऱ्या दादूनं विचारलं. "बोल पुढे!"

"चूक झाली रे म्हाराजा," तो कसाबसा म्हणाला. "चेडू टीव्ही बघी नव्हतां. मीच बघी होतंय. तेका शिकवचां सोडून मी बघी होतंय!"

ह्याला होकार कोण देणार? माणसं एकमेकांकडे बघू लागली. शकुनं पदर तोंडाला लावला. वनमालानं मात्र डोळे पुसले.

भिकाजी पोरीपुढे खाली बसला. "अनू, तुझं डोकं चांगलं आहे गं. मी खोटं बोललो."

"देवाजवळ?"

"हो."

"मग मी ढ नाही ना?"

"नाही गं बाय."

तिनं बापाच्या तोंडाकडे नीट पाहिलं. मग त्याचं म्हणणं बाजूला ठेवून ती चौरंगावरच्या देवाकडे बघत राहिली, जणू आधी तिकडून खात्री करून घ्यायची होती. भिकाजी तसाच जमिनीवर बसून वाट बघत राहिला.